वीज कंपनी बदलता येते, पण खर्च कुठे जातो? मुंबईतल्या स्पर्धेचा इतिहास, पुनावळ्यातून वाचताना

वीजदरांवर संशोधन करायचं म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत एक प्रश्न हमखास असतो: "स्पर्धा आली तर वीज स्वस्त होईल का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर प्रबंध उभा राहत नाही, कारण उत्तर 'कोणासाठी, कधी आणि कशाच्या तुलनेत' यावर अवलंबून असतं. त्यापेक्षा थोडा वेगळा प्रश्न घ्या. ग्राहकाने कंपनी बदलली की त्याच्यासाठी आधी झालेला खर्च कुठे जातो? मग कागदपत्रं बोलायला लागतात, आणि आपल्याकडे ती भरपूर आहेत. मुंबईच्या उपनगरांत २००९ पासून घरगुती ग्राहकालासुद्धा वीजपुरवठादार निवडता येतो. भारतात असं उदाहरण विरळाच.

मी हे पुनावळ्यातून लिहितोय आणि इथे निवड नाही. सोसायटी असो, हायवेलगतचं गॅरेज असो की एखादं फॅब्रिकेशनचं शेड, मीटर महावितरणचाच. पण २०२५ मध्ये खासगी वितरण कंपन्यांनी महावितरणच्या काही शहरी आणि औद्योगिक भागांसाठी समांतर परवाने मागितले, वीज कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध संप केला, आणि मुंबईचा प्रश्न राज्यभरचा झाला. म्हणून तो इतिहास नीट वाचून ठेवणं गरजेचं आहे. त्याचा एक धागा आपल्या शेजारच्या मुळशीपर्यंत येतो, तेही पुढे बघू.

आधी तीन शब्द वेगळे करू

चर्चेत तीन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

पहिली, फ्रँचायझी. भिवंडीत २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर वीज वितरणाचं काम बघते. परवाना महावितरणचा, दर आयोगाने महावितरणसाठी ठरवलेले, वसुली आणि देखभाल खासगी कंपनीची. ग्राहकाला निवड नाही. हे खासगीकरण म्हणा हवं तर, पण स्पर्धा नाही.

दुसरी, खुला प्रवेश, म्हणजे ओपन ॲक्सेस. मोठा ग्राहक वीज बाहेरून घेतो आणि स्थानिक कंपनीच्या तारा भाडं देऊन वापरतो. वीज कायदा २००३ मध्ये एक मेगावॅटपेक्षा मोठ्या ग्राहकांसाठी ही वाट ठेवली गेली. हरित ऊर्जेसाठी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी ही मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. चाकणच्या मोठ्या कारखान्याला हा मार्ग आहे, पुनावळ्याच्या टू बीएचकेला नाही.

तिसरी, समांतर परवाना. एकाच भागात दोन वितरण परवानाधारक, आणि ग्राहक दोघांपैकी कोणाकडेही जाऊ शकतो. कायद्याच्या कलम १४ मध्ये याची तरतूद आहे, मात्र तिथे अपेक्षा अशी की दुसरी कंपनी स्वतःचं वितरण जाळं वापरेल. 'स्वतःचं जाळं' हे दोन शब्द लक्षात ठेवा, मुंबईतली अर्धी भांडणं त्यांच्याभोवती फिरतात.

तुमच्या संशोधन प्रस्तावात 'विजेचं खासगीकरण' असं मोघम लिहू नका. तिन्हींत पैसा वेगवेगळ्या वाटेने जातो.

मुळशीचं पाणी, मुंबईची वीज

आता इतिहास. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवलं. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये आणि भिऱ्याचं १९२७ मध्ये. लोणावळा-वळवणचं पाणी खोपोलीला, मावळातल्या आंद्रा खोऱ्याचं भिवपुरीला आणि मुळशीचं भिऱ्याला. पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचं पाणी पश्चिमेला कोकणात सोडून त्यावर गिरण्या चालल्या. पुनावळ्याहून हिंजवडी-मारुंजीकडे निघालात की तुम्ही मुळशी तालुक्यात पोचता. त्याच तालुक्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तो १९२४ पर्यंत चालला. धरण झालं, गावं आणि भातखाचरं बुडाली.

या प्रकल्पांसाठी सरकारने जे परवाने दिले, त्यांची वर्षं बघा: १९०७, १९१९, १९२१, आणि तुर्भ्याच्या औष्णिक केंद्रासाठी १९५३. यातला १९२१ चा परवाना निळा-मुळा खोऱ्याचा, म्हणजे मुळशीचा. हे कागद जवळजवळ शंभर वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात पुन्हा उघडले गेले.

मुंबईत मात्र घरोघरी वीज देणाऱ्या संस्था वेगळ्या होत्या. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, जी ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेच्या ताब्यात आली. त्यापलीकडच्या उपनगरांत १९२९ मध्ये स्थापन झालेली बीएसईएस. मुलुंड-भांडुप हा भाग राज्य मंडळाकडे. टाटा वीज बनवायची, या संस्थांना घाऊक विकायची आणि गिरण्या, रेल्वे, रिफायनरीसारख्या मोठ्या ग्राहकांना थेट द्यायची. हा संसार अनेक दशकं बऱ्यापैकी सुरळीत चालला. बीएसईएसने डहाणूला ५०० मेगावॅटचं स्वतःचं केंद्र उभारलं ते १९९० च्या दशकात.

उरलेल्या महाराष्ट्रात १९६० पासून महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ होतं, एमएसईबी. कारखान्यांना आणि व्यापाऱ्यांना दर जास्त, शेतीपंपांना आणि छोट्या घरांना कमी. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. ही काही चोरवाट नव्हती, ते उघड धोरण होतं: ज्याला परवडतं त्याने ज्याला परवडत नाही त्याचा भार थोडा उचलायचा. पण हे चालायचं तर मोठा ग्राहक जागेवर राहायला हवा. त्याला दुसरं दुकान नव्हतं म्हणून तो राहिला. या व्यवस्थेची सगळी इमारत त्या एका गृहीतकावर उभी होती.

एन्रॉननंतर बदललेला कायदा

१९९३ च्या डिसेंबरमध्ये मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी करार केला. प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणं बंद केलं, कारण बिल झेपत नव्हतं. तेव्हाचे वाद अजून अनेकांच्या लक्षात आहेत. आपल्या विषयासाठी त्यातून एक गोष्ट घ्यायची: दीर्घ मुदतीचा खरेदी करार एकदा झाला की त्याचा स्थिर खर्च वीज घेतली नाही तरी मागे लागतो.

दरम्यान १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. तोवर दर मंडळ आणि सरकार ठरवायचं, आता जाहीर सुनावणी घेऊन आयोग ठरवू लागला. संशोधकासाठी हा मोठा टप्पा आहे, कारण इथून पुढे प्रत्येक दराचा युक्तिवाद लेखी सापडतो. २००३ चा वीज कायदा आला आणि जून २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि एक सूत्रधारी कंपनी.

याच काळात आपल्या भागातही एक प्रयोग झाला. २००५-०६ मध्ये राज्यात विजेची मोठी टंचाई होती, भारनियमन रोजचं झालं होतं. पुण्यातल्या उद्योगांच्या संघटनेने सुचवलं की कारखान्यांकडचे जनरेटर पडून आहेत, ते चालवू. तेवढी वीज कारखाने ग्रिडमधून घेणार नाहीत आणि वाचलेली वीज शहराला मिळेल. तूट ९० मेगावॅटच्या आसपास होती. डिझेलची वीज महाग, मग फरक कोण भरणार? आयोगाने २००६ मध्ये सुनावणी घेऊन ठरवलं की महिना ३०० युनिटांपेक्षा जास्त वापर असणाऱ्यांनी युनिटमागे ४२ पैसे 'विश्वासार्हता आकार' द्यावा. छोट्या ग्राहकांना भारनियमनातून सुटका मिळाली, पण आकार नाही.

ही स्पर्धा नव्हती. तरीही आपल्या विषयाची कळ तिच्यात आहे. अतिरिक्त खर्च किती, तो कोणामुळे, तो कोणावर टाकायचा आणि कोणाला वगळायचं, हे चारही प्रश्न उघडपणे विचारले गेले आणि त्यांची उत्तरं कागदावर आली. मुंबईत हाच क्रम उलटा झाला: आधी ग्राहक हलले, प्रश्न मागून आले.

२००८ चा निकाल आणि नंतरची पाच वर्षं

२००३ मध्ये बीएसईएस रिलायन्सच्या ताब्यात गेली. टाटा आणि रिलायन्समध्ये वाद पेटला: टाटाला उपनगरांतल्या किरकोळ ग्राहकांना थेट वीज विकण्याचा अधिकार आहे का? रिलायन्सचं म्हणणं, टाटाचा परवाना घाऊक पुरवठ्याचा आणि मोठ्या ग्राहकांपुरता. टाटाचं म्हणणं, जुन्या परवान्यांत असं बंधन कुठेच लिहिलेलं नाही. आयोग आणि अपिलीय न्यायाधिकरणापुढे टाटाला पूर्ण यश मिळालं नाही. शेवटी ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटाच्या बाजूने निकाल दिला. १००० केव्हीएपेक्षा लहान ग्राहकांनाही टाटा वीज देऊ शकते, असं ठरलं. मुळशीच्या वेळचा परवाना अंधेरीच्या ग्राहकाच्या कामी आला तो असा.

निकाल लागला, पण टाटाच्या तारा उपनगरांतल्या गल्लीबोळांत नव्हत्या. मुंबईत रस्ते खणून दुसरं जाळं टाकणं म्हणजे वर्षांचं काम आणि कोट्यवधींचा खर्च. १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशाने आयोगाने मार्ग काढला. टाटाचा ग्राहक रिलायन्सच्या तारांवरून वीज घेईल आणि तारांचं भाडं, म्हणजे वहन आकार, भरेल. या प्रकाराला 'चेंजओव्हर' म्हणतात. तारसुद्धा टाटाची आली तर 'स्विचओव्हर'. आदेश वाचताना हे दोन शब्द गल्लत न करता टिपून ठेवा.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. जून २००९ मध्ये आयोगाने रिलायन्सचे वाढीव दर मंजूर केले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि विरोध जोरात झाला. राज्य सरकारच्या सांगण्यावरून जुलैमध्ये दरवाढ स्थगित झाली आणि ती वर्षाहून जास्त काळ स्थगित राहिली. ग्राहकाला तेव्हा दिलासा मिळाला हे खरंच. पण खर्च थांबला नव्हता. न वसूल झालेली रक्कम 'नियामक मत्ता' म्हणून खात्यावर चढली, तिच्यावर व्याज चढलं, आणि पुढच्या वर्षांच्या बिलात ती वेगळ्या आकाराने परत आली.

तिसरी घडामोड २०१० मधली. रिलायन्सला टाटाकडून जी वीज मिळत होती ती टाटा स्वतःच्या ग्राहकांसाठी काढून घेऊ लागली. प्रकरण सरकार आणि न्यायालयापर्यंत गेलं. आता चित्र बघा. एका कंपनीकडे शंभर वर्षांपूर्वीची जलविद्युत केंद्रं, ज्यांची भांडवली किंमत कधीच वसूल झालेली, आणि तुर्भ्याचं केंद्र. दुसऱ्या कंपनीकडे डहाणू, आणि बाकीची वीज बाजारातून घ्यायची, तीही टंचाईच्या काळात. दरातला फरक दुकानदारीतल्या हुशारीपेक्षा जास्त या वारशातून येत होता. किरकोळ बाजारात दोन पाट्या लागल्या होत्या, पण शर्यत आधीच, वीजनिर्मितीच्या पातळीवर ठरलेली होती.

पहिल्या लाटेत कोण गेलं? ज्यांना जास्त दर पडत होते ते: व्यापारी, उद्योग, जास्त वापराची घरं. हेच ग्राहक रिलायन्सच्या छोट्या ग्राहकांची क्रॉस सबसिडी भरत होते. २०११ मध्ये आयोगाने गेलेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. नियामक मत्तेचा वाटाही त्यांच्याकडून घेण्याचं ठरलं. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने आणखी कडक पाऊल उचललं: टाटाने काही काळ रिलायन्सच्या तारांवरून फक्त महिना ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनाच घ्यावं आणि ठरलेल्या भागांत स्वतःचं जाळं उभारावं. मलई काढून घेता येणार नाही, हा त्यामागचा विचार. नोव्हेंबर २०१४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने हे निर्बंध रद्द केले. पुढे टाटाचे दर आणि अधिभार मिळून फायदा उरेना तेव्हा काही मोठे ग्राहक परतही आले. २०१८ मध्ये रिलायन्सचा मुंबईतला वीज व्यवसाय अदानींकडे गेला.

दक्षिण मुंबईत हे घडलंच नाही. बेस्ट ही स्थानिक प्राधिकरणाची संस्था असल्याने तिच्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती कायद्याने तिच्यावर नाही. टाटाला परवाना तिथेही आहे, पण स्वतःची तार टाकल्याशिवाय ग्राहक मिळत नाही. एकाच शहरात माहीमच्या अलीकडे आणि पलीकडे नियम वेगळे. तुलनात्मक अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीची जागा कुठे मिळेल?

एक छोटं गणित

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. वही घेऊन सोबत करा.

एका कंपनीकडे दोन मोठे ग्राहक, प्रत्येकी १००० युनिट, आणि वीस छोटे, प्रत्येकी १०० युनिट. एकूण ४००० युनिट. वीजखरेदीचा खर्च युनिटला ५ रुपये, तारा-यंत्रणेचा ३ रुपये, म्हणजे सरासरी ८ रुपये आणि एकूण ३२,००० रुपये. दर मात्र सारखे नाहीत: मोठ्यांना १० रुपये, छोट्यांना ६ रुपये. मोठ्यांकडून २०,००० आणि छोट्यांकडून १२,०००. हिशेब जुळला.

आता एक मोठा ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेला. उत्पन्न १०,००० ने घटलं. वीजखरेदी वाचली फक्त ५,०००. तारा तशाच उभ्या आहेत. खड्डा ५,००० रुपयांचा. तो सगळा छोट्यांवर टाकला तर त्यांचा दर ६ वरून साडेआठ रुपये होतो. त्यांनी काय बिघडवलं? काहीच नाही.

दुसरी शक्यता. गेलेला ग्राहक याच तारा वापरतोय, म्हणून त्याने युनिटला ३ रुपये वहन आकार भरावा, म्हणजे ३,००० आले. उरले २,०००. ते म्हणजे त्याच्या १० रुपये दरातला आणि ८ रुपये सरासरीतला फरक, त्याची क्रॉस सबसिडी. तोही अधिभार म्हणून भरला तर खड्डा पूर्ण बुजतो आणि छोट्याच्या बिलाला धक्का लागत नाही. पण आता त्या ग्राहकाला जाण्यात फायदा कधी? नव्या कंपनीने वीज ५ रुपयांपेक्षा स्वस्त दिली तरच.

इथे थांबून विचार करा. अधिभार नसेल तर नवी कंपनी ६ रुपयांना वीज घेऊनही जिंकू शकते, कारण ६ अधिक ३ बरोबर ९, आणि ते १० पेक्षा कमी. म्हणजे जास्त महागाची वीज घेणारी कंपनी बाजार मारते! ग्राहकाचा एक रुपया वाचला, पण तो कुठल्याही कार्यक्षमतेतून आलेला नाही, छोट्यांच्या वाट्यातून आलाय. म्हणून मुंबईचे आकडे वाचताना २०११ च्या अधिभाराआधीचं आणि नंतरचं स्थलांतर एकाच रकान्यात भरू नका. दोन्हीकडे ग्राहकाने कंपनी बदलली, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे.

अधिभाराच्या बाजूने हे बोललो, आता उलट बाजू. अधिभार कायमचा आणि भरपूर ठेवला तर जुन्या कंपनीला आपली महाग खरेदी सुधारायचं कारणच उरत नाही. चुकीच्या करारांचा बोजा 'सामाजिक जबाबदारी' या नावाखाली लपतो. दर जास्त आहेत म्हणून चाकणमधले उद्योजक तक्रार करतात, तेव्हा त्यात शेतीपंपांचा वाटा किती, गळतीचा किती आणि वीज न घेता भरलेल्या स्थिर आकाराचा किती, हे वेगळं करून कोणीतरी मांडायला हवं. कायद्याचीही अपेक्षा होती की हा अधिभार हळूहळू कमी व्हावा.

बाहेर काय झालं

कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये कायदा करून १९९८ मध्ये किरकोळ बाजार उघडला. लहान ग्राहकांचे दर १० टक्क्यांनी उतरवून गोठवले, आणि जुन्या कंपन्यांच्या अडकलेल्या गुंतवणुकीसाठी सगळ्यांवर एक संक्रमण आकार बसवला. सॅन डिएगोच्या कंपनीची ती वसुली आधी संपली, म्हणून तिथल्या ग्राहकांचा गोठवलेला दर सुटला आणि २००० च्या उन्हाळ्यात घाऊक बाजार भडकल्यावर बिलं दुपटीच्या वर गेली. उरलेल्या भागात दर गोठलेलेच होते, तिथे तोटा कंपन्यांनी सोसला. एक मोठी कंपनी एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सप्टेंबर २००१ मध्ये पुरवठादार निवडण्याची नवी मुभा बंद करण्यात आली.

इंग्लंडने घाई केली नाही. १९९० मध्ये एक मेगावॅटवरचे ग्राहक, १९९४ मध्ये १०० किलोवॅटवरचे आणि १९९८-९९ मध्ये घरं. टेक्सासने २००२ मध्ये बाजार उघडला तेव्हा जुन्या कंपन्यांना काही वर्षं ठरवून दिलेल्या दराखाली जाऊ दिलं नाही, नव्यांना पाय रोवता यावेत म्हणून.

गोठवलेला दर, मागून येणारी वसुली, अडकलेला खर्च: शब्द वेगळे, पण मुंबईच्या २००९ मधल्या स्थगितीची आणि नियामक मत्तेची ओळख इथे पटते. फरकही तितकाच महत्त्वाचा. कॅलिफोर्नियात अडकलेला खर्च मुख्यतः जुन्या वीजकेंद्रांचा होता. आपल्याकडे त्यात शेतकरी आणि छोटं घर यांच्या सवलतीचा भार आहे. परदेशातला निष्कर्ष उचलून इथे चिकटवणाऱ्या प्रबंधांची अडचण नेमकी इथे होते.

पुनावळ्यात परवाना आला तर?

पुनावळे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आज इथे एसी-लिफ्टवाल्या उंच सोसायट्या आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत, लहान वर्कशॉप आहेत. आसपास हिंजवडीचं आयटी पार्क आणि पलीकडे भोसरी-चाकणचे कारखाने. वसुली चांगली, ग्राहक दाट. नव्या कंपनीला यापेक्षा चांगला भाग कुठला? आणि महावितरणसाठी हाच भाग सोडणं सगळ्यात महाग, कारण राज्यातल्या चाळीस लाखांहून जास्त शेतीपंपांच्या दराला हातभार अशाच भागांतून लागतो.

म्हणून इथे परवान्याचा प्रश्न आला तर 'दर किती?' याआधी चार प्रश्न विचारावे लागतील. नवी कंपनी कोणाच्या तारा वापरणार? वीज ती कुठून आणि किती वर्षांच्या करारावर आणणार? महावितरणने आपल्यासाठी करून ठेवलेल्या खरेदी करारांचा स्थिर खर्च कोणाकडे राहणार? आणि परवान्याची हद्द आखताना भाड्याच्या खोल्यांची वस्ती आणि शेजारचं गाव आत असणार की बाहेर? हद्द हा तर निव्वळ नकाशाचा मुद्दा नाहीच. सगळी मलई एका रेषेच्या आत घेता येते.

मुंबईच्या अनुभवावरून माझं मत असं झालंय: किरकोळ स्पर्धेने ग्राहक हलतात, खर्च आपोआप कमी होत नाही. तो कमी व्हायचा तर वीजखरेदी स्वस्त व्हावी लागते किंवा गळती घटावी लागते. या दोन्हींपैकी काहीच झालं नाही तर एकाची बचत म्हणजे दुसऱ्याचं बिल. निवडीला विरोध म्हणून हे म्हणत नाही. मुंबईतल्या ग्राहकाला दुसरं दार मिळालं ही छोटी गोष्ट नव्हे, आणि मक्तेदारीत तक्रार करूनही काही हलत नाही हा अनुभव आपल्यापैकी कित्येकांचा आहे. पण त्या दाराची किंमत कोणी भरली हे लिहून ठेवणं संशोधकाचं काम आहे.

संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

बिलापासून सुरुवात करा. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क वेगवेगळे छापलेले असतात. प्रत्येक ओळीमागे एक आदेश आहे आणि प्रत्येक आदेशामागे कोणाचातरी आक्षेप. वहन आकार म्हणजे तारांचा हिशेब. इंधन समायोजन म्हणजे आधी धरलेल्या आणि प्रत्यक्ष झालेल्या खरेदी खर्चातला फरक. फक्त 'सरासरी दर' घेतलात तर हे सगळं पुसलं जातं.

मग आयोगाचे आदेश. ते लांब असतात, घाबरू नका. आधी शेवटचे तक्ते बघण्याचा मोह टाळा. जाहीर सुनावणीतल्या हरकती आणि त्यांवर आयोगाने दिलेलं उत्तर आधी वाचा. ग्राहक संघटना, उद्योगांच्या संघटना, पुण्यातल्या प्रयाससारख्या अभ्यासगटांनी मांडलेले मुद्दे तिथे सापडतात, आणि त्या वर्षी खरं भांडण कशावर होतं ते कळतं.

तिसरी गोष्ट निवडीतल्या पक्षपाताची. कंपनी बदललेल्या आणि न बदललेल्या ग्राहकांच्या बिलांची थेट तुलना करू नका. जे गेले ते आधीच जास्त वापराचे होते. तुलना करायची तर एकाच वापर-गटातली करा, आणि अधिभार लागू होण्याच्या तारखेच्या दोन्ही बाजूंची.

शेवटी कालखंड. २००९ ते २०१४ एवढाच तुकडा घेतलात तर टाटाचा स्वस्त दर हा स्पर्धेचा परिणाम वाटेल. १९२१ पासून सुरुवात केलीत तर त्या दरात मुळशीचं पाणी दिसेल, आणि ते अडवताना ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा वाटा कुठल्याही दरपत्रकात नाही हेही दिसेल. एखाद्याला प्रबंधाचा विषय हवा असेल तर तो इथे मोकळा पडलाय.